ताशी किती?

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात डोझर लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ताशी किती ब्रास? मालगुजारी तलावाची पाळ दुरुस्त करणारा कंत्राटदार हेच विचारतो. बांध्या सपाट करून घेणारा धानउत्पादक हेच विचारतो. डोंगरी बुजुर्गच्या बाजूला खाणीतला दगड-मुरूम हलवण्याचं काम घेणाराही हेच विचारतो. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. यंत्र विकणाऱ्याकडे या प्रश्नाचं छापील उत्तर असतं आणि ते खोटं नसतं. फक्त ते उत्तर ज्या जागेचं असतं, ती जागा तुमसर तालुक्यात कुठेही नाही.

ती जागा कशी असते हे कॅटरपिलर कंपनीच्या हस्तपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. तिथे तासाची साठही मिनिटं काम चालतं. डोझर पंधरा मीटर माती कापतो, भरलेलं ब्लेड तसंच पुढे नेतो आणि उंच कड्यावरून माल खाली सोडतो, म्हणजे पसरवण्याचा त्रास नाही. सुट्या मातीचं वजन घनमीटरला १,३७० किलो असतं. चेनची जमिनीवरची पकड ०.५ किंवा त्याहून चांगली असते. चढ नसतो, धूळ नसते, ऑपरेटर अव्वल असतो. या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तर आलेखावरचा आकडा मिळतो. पुस्तक लिहिणाऱ्यांनी काही लपवलेलं नाही. आलेखांनंतर लगेच ते गुणकांचा तक्ताही देतात. आपण आलेख वाचतो आणि पान उलटत नाही, घोडं पेंड खातं ते तिथे.

खरं म्हणजे ही गोष्ट तुमसरला सगळ्यांत आधी पटायला हवी. हे गाव धान-तांदळाच्या बाजारपेठेवर उभं आहे. क्विंटलभर धानातून क्विंटलभर तांदूळ निघत नाही, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. सरकारी भरडाईत साध्या तांदळाचा उतारा क्विंटलला ६७ किलो धरतात, आणि तेवढाही पडत नाही, कणी फार होते, अशी विदर्भातल्या गिरणीवाल्यांची जुनी तक्रार आहे. धान कोणतं, ओल किती, गिरणी कशी, यावर उतारा ठरतो. यंत्राच्या ताकदीचाही तसाच उतारा काढावा लागतो आणि तो काढायची रीत ठरलेली आहे. ती एकदा सावकाश, पायरीपायरीने करून पाहू.

दोन गोष्टी लागतात : एका फेरीत किती माल सरकतो, आणि एका फेरीला किती वेळ लागतो. पहिल्या गोष्टीसाठी कोमात्सु कंपनीची रीत सोपी आहे. भारत अर्थ मूव्हर्स, म्हणजे १९६४ साली स्थापन झालेली आजची बीईएमएल, हिने कोमात्सुच्याच सहकार्याने डोझर बनवले, त्यामुळे डी-८० आणि डी-१५५ ही नावं आपल्या खाणींत आणि धरणांवर रुळली. रीत अशी : ब्लेडची लांबी गुणिले उंचीचा वर्ग, गुणिले एक ब्लेड-गुणक. उंचीचा वर्ग का, हे समजून घेण्यासारखं आहे. ब्लेडपुढे साचणारा ढीग भिंतीसारखा उभा राहत नाही, तो पुढे उतरत जातो. ब्लेड जितकं उंच तितका ढीग उंच, आणि तितकाच तो पुढेही पसरतो. म्हणून उंची दोनदा मोजली जाते. डी-१५५ च्या तोडीचं यंत्र घेऊन हिशेबाच्या सोयीसाठी ब्लेड चार मीटर लांब आणि दीड मीटर उंच धरू. दीडचा वर्ग सव्वादोन, गुणिले चार, म्हणजे ९ घनमीटर. गुणक एक धरला तर एका फेरीत ९ घनमीटर सुटा माल.

आता वेळ. भरलेलं ब्लेड घेऊन यंत्र ताशी तीन किलोमीटरने पुढे जातं, म्हणजे मिनिटाला पन्नास मीटर. रिकामं मागे येताना ताशी सहा. गियर बदलायला मिनिटाचा दहावा भाग. तीस मीटर अंतरावर ढकलायचं असेल तर पुढे जायला ०.६ मिनिट, मागे यायला ०.३, गियरला ०.१. बरोबर एक मिनिट. तासाला साठ फेऱ्या, ५४० घनमीटर, १९१ ब्रास. हा झाला छापील आकड्याच्या जातीचा आकडा.

यातली पहिली कच्ची वीट अंतराची आहे. साठ मीटरवर तीच फेरी १.९ मिनिटांची होते आणि ५४० चे २८४ उरतात. नव्वद मीटरवर २.८ मिनिटं, आणि हातात १९३. यंत्र तेच, माती तीच, ऑपरेटर तोच. शिवाय वाटेत ब्लेडच्या दोन्ही टोकांनी माल गळत राहतो, त्यामुळे लांबच्या फेरीत शेवटी पोचणारं ओझं निघालेल्या ओझ्यापेक्षा कमी असतं, आणि तो गळालेला माल पुन्हा गोळा करायला वेगळ्या फेऱ्या लागतात. पन्नास-साठ मीटरपर्यंत डोझर, शंभरच्या पुढे लोडर आणि हायवा टिप्पर, हा कामावरचा ठोकताळा यातूनच आलेला आहे. असं असूनही दरपत्रकात लीड, म्हणजे माल न्यायचं अंतर, न लिहिता ‘ताशी इतके’ असं लिहिलेलं जागोजाग सापडतं. अंतर न सांगता सांगितलेला ताशी आकडा हा आकडाच नव्हे.

आता जमीन घेऊ. तुमसरच्या उत्तरेला चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मॉईल कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. चिखल्याचं काम भूगर्भातलं. डोंगरी बुजुर्ग उघडी खाण, बॅटरीच्या कोरड्या सेलला लागणारं डायऑक्साइड खनिज तिथलं. मॉईलची स्थापना १९६२ ची, पण तिचं मूळ १८९६ च्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत जातं. इथला खडक भूवैज्ञानिक ज्याला सौसर गट म्हणतात त्यातला, अभ्रकाचे शिस्ट आणि क्वार्टझाइट असलेला. खनिजापर्यंत पोचायला त्यावरचा नि बाजूचा दगड आधी फोडून बाहेर काढावा लागतो, आणि फोडलेला दगड ब्लेडपुढे मातीसारखा वागत नाही. मऊ माती ब्लेडच्या वळणावर चढते, उलटते, पुन्हा खाली पडते. ती गुंडाळत जाते म्हणून ब्लेड भरतं. दगडाचे गोटे गुंडाळत नाहीत. ते एकमेकांवर अडकतात, मध्ये पोकळ्या राहतात, एखादा मोठा चिरा ब्लेडच्या कोपऱ्याला लागला की यंत्र तिरपं सरकतं. म्हणून कोमात्सुच्या तक्त्यात सहज ढकलता येणाऱ्या मालाला ब्लेड-गुणक ०.९ ते १.१ आहे, मध्यमाला ०.७ ते ०.९, आणि फोडलेल्या दगडाला ०.४ ते ०.६. आपण उदारपणे ०.६ घेऊ. ५४० चे ३२४ झाले.

खनिजाचं वजन हा आणखी एक भाग. आलेखाची माती घनमीटरला १,३७० किलोची. मँगनीजचं सुटं खनिज घनमीटरला दोन टनांच्या वर जातं. ब्लेडपुढे जागा आहे, पण इंजिनाला तेवढं ओझं रेटवत नाही, म्हणून ब्लेड अर्धवट भरूनच चालवावं लागतं. खनिजाचा साठा सरकवण्याचा दर काढताना हा हिशेब वेगळा करावा लागतो.

तालुक्यातल्या शेतजमिनीचे स्वभावही कमी वेगळे नाहीत. भंडाऱ्याकडचा शेतकरी जमिनीला कन्हार, मोरांड, खर्डी, सिहार, बर्डी अशी नावं देतो, आणि डोझरचा हिशेब करणाऱ्याने ही नावं आधी विचारावीत असं मला वाटतं. बर्डी म्हणजे उंचवट्याची मुरमाड जमीन. तिच्यावर चेन घट्ट बसते, माल सुटा पडतो. कन्हार काळी, चिकण. धान निघाल्यावर वरून कोरडी दिसते, पण हातभर खाली ओल धरून असते. ती कापताना ब्लेडला चिकटते, माल सोडायच्या जागी सुटत नाही, आणि ऑपरेटरला ब्लेड दोनचारदा झटकावं लागतं. प्रत्येक झटक्याला दोनतीन सेकंद. एका मिनिटाच्या फेरीत हे सेकंद मोजले पाहिजेत. कॅटरपिलरच्या तक्त्यात अशा चिकट मालाला आणि अगदी निर्जीव, भुसभुशीत कोरड्या मालालाही एकच गुणक आहे : ०.८०. दोघांची कारणं उलटी, नुकसान सारखं.

अश्वशक्तीच्या आकड्यावर विसंबणाऱ्यांसाठी पकडीची गोष्ट फार महत्त्वाची आहे. यंत्र कितीही ताकदवान असो, चेन जमिनीवर जितकी पकड घेते त्याहून जास्त जोराने ते ढकलू शकत नाही. कोरड्या पोयट्याच्या चिकणमातीवर चेनची पकड वजनाच्या ०.९० धरतात, ती ओली असली तर ०.७०, दगडाच्या खाणीत ०.५५, आणि कोरड्या वाळूत फक्त ०.३०. म्हणजे चाळीस टनांचं यंत्र चांगल्या मातीवर छत्तीस टनांचा रेटा देऊ शकेल, खाणीच्या तळावर बावीस, आणि उन्हाळ्यात वैनगंगेच्या पात्रातल्या कोरड्या वाळूत बाराच. त्यापुढे इंजिन ओरडत राहतं, चेन जागच्या जागी फिरते, डिझेल जळतं आणि चेनप्लेट झिजतात. वाळूत मोठं यंत्र आणलं म्हणजे काम मोठं होईल, हा समज इथे फसतो. वाळू थोडी ओली असली तर पकड ०.५० पर्यंत जाते. पाण्याचा एक टँकर तिथे इंजिनाच्या काही डझन अश्वशक्तीचं काम करतो.

माणसाकडे येऊ. कॅटरपिलरचा तक्ता उत्कृष्ट ऑपरेटरला १.००, सरासरीला ०.७५ आणि कमी अनुभवीला ०.६० देतो. हा तक्त्यातला सगळ्यांत खरा आकडा आहे असं मी मानतो, कारण चांगला ऑपरेटर काय करतो हे जवळून पाहिलं तर फरक डोळ्यांना दिसतो. नवखा ऑपरेटर ब्लेड खोल घालतो. इंजिनाचा आवाज खाली बसतो, चेन घसरते, तो घाबरून ब्लेड पटकन वर घेतो आणि जमिनीवर एक उंचवटा तयार होतो. परतीच्या वाटेवर यंत्र त्या उंचवट्यावरून आदळत जातं. पुढच्या फेरीत ब्लेड त्या उंचवट्यावर चढतं आणि दुसरा उंचवटा तयार होतो. दुपारपर्यंत सगळी जागा लाटांची होते आणि मागे यायचा वेग ताशी सहावरून चारावर येतो. जुना ऑपरेटर इंजिनाच्या आवाजावर ब्लेड बोटबोट वरखाली करत राहतो. पहिल्या काही मीटरांत ब्लेड भरून घेतो, मग किंचित उचलून भरलेलं ओझं फक्त वाहून नेतो. तो कापायला दूरच्या टोकापासून सुरुवात करत नाही. माल टाकायच्या जागेजवळून कापायला लागतो आणि प्रत्येक फेरीला थोडं मागे सरकतो, म्हणजे पुढची वाट आधीच सपाट झालेली असते. हे कोणी त्याला लिहून दिलेलं नसतं. आपल्या हिशेबात सरासरी ऑपरेटर धरू, ०.७५. ३२४ चे २४३ झाले.

तास साठ मिनिटांचा नसतो. पुढचं यंत्र हटेपर्यंत थांबणं, सुपरवायझरशी दोन शब्द, पाणी पिणं, ब्लेडमध्ये अडकलेला चिरा काढणं, यात तासाची दहा मिनिटं सहज जातात. पन्नास मिनिटांच्या तासाचा गुणक ०.८३. मे महिन्यात, नवतपाच्या दिवसांत, भंडारा जिल्ह्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. रेडिएटरच्या जाळीत धूळ बसली की तापमापकाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो आणि यंत्र थांबवून जाळी साफ करावी लागते. ज्या यंत्राला वातानुकूलित केबिन नाही, त्यावरच्या माणसालाही थांबावं लागतं आणि त्याने थांबलंच पाहिजे. तेव्हा चाळीस मिनिटांचा तास धरावा, गुणक ०.६७. आपण पन्नासच धरू. २४३ चे २०२.

धूळ, धुकं, पाऊस, अंधार यांना एकच गुणक आहे, ०.८०. खाणीच्या डम्पवर, म्हणजे काढलेला दगड टाकायच्या ढिगावर, रात्रपाळीत ऑपरेटरला ब्लेडचं टोक दिसत नाही, कडा दिसत नाही, म्हणून तो सावकाश जातो, आणि तसंच जावं. २०२ चे १६१. मग चढ. ढोबळमानाने दहा टक्के चढावर उत्पादन एक पंचमांशाने घटतं, दहा टक्के उतारावर तितकंच वाढतं. डम्प उंच करत नेताना चढावर ढकलावं लागलं तर १६१ चे १२९.

इथे थांबून एक सावधगिरी. वेगवेगळ्या पुस्तकांत एकच अडचण वेगवेगळ्या खात्यांत टाकलेली असते. कोमात्सुकडे मालाचा स्वभाव ब्लेड-गुणकात येतो, कॅटरपिलरकडे तो वेगळ्या गुणकात येतो. मी कोमात्सुचा ब्लेड-गुणक घेतला, म्हणून दगडासाठी दुसरा गुणक पुन्हा लावला नाही. कोमात्सुचे कार्यक्षमतेचे गुणक घेतले असते, जे चांगल्या परिस्थितीला ०.८३ आणि वाईटाला ०.५८ असे आहेत, तर ऑपरेटरचे ०.७५ वेगळे लावता आले नसते. एकच दोष दोनदा कापणं हे एकदाही न कापण्याइतकंच चूक आहे. अतिसावध अंदाजाने निविदा हातची जाते, अतिउत्साही अंदाजाने घर जातं.

आणि आता शेवटची कपात, जी सगळ्यांत जास्त वेळा विसरली जाते. आतापर्यंत मोजलेला माल सुटा आहे. पैसे मिळतात ते अखंड मापाने, म्हणजे खोदलेल्या खड्ड्याच्या मापाने. रोजगार हमीच्या कामांवर खड्ड्याच्या मध्ये मातीचा एक खुंट न खोदता ठेवत आणि त्याच्या उंचीवरून खोली मोजत. ते माप अखंड मातीचं. माती खणली की फुगते. साधी माती पाव हिश्शाने, चिकणमाती त्याहून जास्त, आणि फोडलेला दगड जवळपास दीडपट होतो. १२९ भागिले दीड, ८६. ब्रासमध्ये ३०.

छापील हिशेब १९१ ब्रास म्हणत होता. हातात ३० आले, सहाव्या हिश्शापेक्षाही कमी. आणि या वाटेवर एकही गोष्ट अपवादात्मक नव्हती. यंत्र बिघडलं नाही, कोणी झोपलं नाही, पाऊस आला नाही.

असं का होतं? यातल्या कपाती बेरजेच्या असत्या तर चाळीस, पंचवीस, सतरा, वीस आणि वीस मिळून एकशे बावीस टक्के झाल्या असत्या आणि काम शून्याखाली गेलं असतं. त्या गुणाकाराच्या आहेत. प्रत्येक अडचण आधीच कमी झालेल्यातून आपला वाटा घेते. म्हणून एकेक अडचण किरकोळ वाटते. ऑपरेटर बरा आहे, धूळ थोडी आहे, चढ फारसा नाही, असं प्रत्येक जण प्रामाणिकपणे सांगतो, आणि तरी सगळं मिळून काम निम्म्याच्या कितीतरी खाली जातं. अंदाज चुकवणाऱ्याने खोटं बोललेलं नसतं. त्याने फक्त गुणाकार केलेला नसतो.

गुणाकाराची दुसरी बाजू आशेची आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. बेरजेत लहान कपात लहानच राहते. गुणाकारात कुठलाही एक गुणक सुधारला की तो सगळ्या कामाला सुधारतो. आपल्या डम्पवर हायवांची खाली करण्याची जागा वरच्या कडेला नेली आणि डोझरला चढाऐवजी उतारावर ढकलायला लावलं, तर ०.८ चे १.२ होतात, दीडपट. वाटेवर पाण्याचा टँकर फिरवून धूळ बसवली, दिवसाउजेडी काम ठेवलं, तर ०.८ चा गुणक एक होतो, सव्वापट. ८६ चे १६१ होतात, ५७ ब्रास. यंत्र तेच. नवीन अश्वशक्ती एकही नाही. डम्पच्या कडेला मातीचा बांध आणि इशारा देणारा माणूस मात्र हवाच. उतारावर ढकलताना कड्याचा धोका वाढतो आणि कोणताही गुणक त्याहून मोठा नाही.

तलावाच्या कामात आणखी एक सोय आहे. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव या जिल्ह्याची ओळख आहेत. गाळ काढताना किंवा पाळीला मुरूम देताना ऑपरेटरने एकाच सरळ पट्ट्यात पुन्हापुन्हा जाऊन ब्लेडच्या रुंदीची खाच पाडली, तर खाचेच्या दोन्ही भिंती माल धरून ठेवतात आणि तो बाजूंनी गळत नाही. याचा गुणक १.२०. दोन डोझर खांद्याला खांदा लावून चालवले तर १.१५ ते १.२५. मोठ्या फोडलेल्या दगडात खाच टिकत नाही, पण मुरमात आणि गाळमातीत ती फुकटात मिळणारी वाढ आहे. मग दोन खाचांमधली मातीची वरंबी शेवटी कापून घ्यायची.

एवढं केल्यावरही खाणीतल्या डोझरबद्दल एक गोष्ट उरते. तिथे बऱ्याचदा त्याचं काम माती ढकलणं नसतंच. शॉव्हेलभोवतीचा तळ साफ ठेवणं, रस्ता नीट करणं, हायवाने टाकलेला माल कड्याकडे सारणं, हे त्याचं काम. एका हायवात चौदा ते सोळा घनमीटर सुटा माल येतो. तासाला सहा हायवा येत असतील तर नव्वदएक घनमीटर माल डम्पवर पडतो. डोझर १२९ सारू शकतो की २४२, याला तेव्हा अर्थ राहत नाही. त्या डोझरचं उत्पादन मोजायचं तर हायवा किती मिनिटं रांगेत उभ्या राहिल्या आणि दगडांनी टायर किती फाटले, हे मोजावं. असा डोझर दिवसातून दोन तास थांबलेला दिसला म्हणून ऑपरेटरला बोल लावणं अन्यायाचं आहे. थांबलेला डोझर कधीकधी चांगल्या चाललेल्या खाणीची खूण असतो.

आपल्या जागेचा आकडा काढायचा तर शेवटी पुस्तक मिटावं लागतं. मोबाइलमधल्या घड्याळावर तीसचाळीस फेऱ्यांच्या वेळा लिहून सरासरी काढायची. पाचसहा फेऱ्यांवर विसंबू नये, कारण कोणी बघतंय हे कळलं की पहिल्या फेऱ्या जोरात होतात. मग ओझं मोजायचं. ऑपरेटरला भरलेलं ब्लेड सपाट जागेवर आणून थांबायला सांगायचं, ब्लेड ढिगावरून सरळ वर उचलून मागे घ्यायचं आणि सुटा राहिलेला ढीग फीत लावून मोजायचा. सरासरी उंची, सरासरी रुंदी आणि जास्तीत जास्त लांबी यांचा गुणाकार करून ०.३७५ ने गुणायचं. ढीग १.३ मीटर उंच, २.६ रुंद आणि ४.२ लांब निघाला तर ओझं ५.३ घनमीटर. आपण ९ ला ०.६ ने गुणून ५.४ काढले होते, म्हणजे धरलेला गुणक त्या जागेला खरा ठरला. ४ घनमीटर निघाले असते तर पुस्तक बाजूला ठेवून ४ च धरायचे. महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने घेतलेली मापं या दोन्हींवरचा अंतिम निवाडा करतात.

ताशी आकडा हाती आला तरी वर्षाचा हिशेब वेगळा करावा लागतो. पन्नास मिनिटांचा तास हा चालू तासातला तोटा आहे. सकाळचं ग्रीसिंग, डिझेल भरणं, जेवण, ब्लास्टिंगच्या वेळी चेनच्या गतीने सुरक्षित अंतरावर जाणं आणि परत येणं, हे आठ तासांच्या पाळीतून वेगळं जातं. समजा पाळीचे सहा तास खरे कामाचे उरले. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, जवळपास सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. पावसात मातीचं काम बंद, आणि सप्टेंबर उलटल्यावरही बांध्यांत धान उभं असतं, यंत्र आत नेता येत नाही. समजा दोनशे दिवस मिळाले. ८६ गुणिले ८ गुणिले ३०० असं करणाऱ्याच्या वहीत २,०६,४०० घनमीटर येतात. ८६ गुणिले ६ गुणिले २०० करणाऱ्याच्या वहीत १,०३,२००. ताशी आकडा दोघांचाही बरोबर आहे.

या निम्म्याचा भार कोण उचलतो, हे बघायला हवं. मोठ्या कामांवर, बावनथडीसारख्या मातीच्या धरणावर, अंदाज चुकला तर मुदतवाढ मिळते, दरवाढीची कलमं असतात. तालुक्यातला एका डोझरचा मालक कर्ज काढून यंत्र घेतो. त्याने छापील आकड्यावर ब्रासचा दर दिलेला असतो, डिझेल ताशी तीसचाळीस लिटर जात असतं, हप्ता थांबत नाही. मग तो ऑपरेटरच्या मागे लागतो, रात्रपाळी लावतो, चेन झिजलेली असतानाही यंत्र चालवतो. जी कसर कागदावर गुणाकाराने काढायला हवी होती, ती माणसाच्या अंगातून काढली जाते. म्हणून अंदाजाचं हे शास्त्र मला निव्वळ अभियांत्रिकीचं वाटत नाही.

त्याने दरपत्रकात एवढं लिहावं : हा दर तीस मीटर लीडपर्यंत, पुढच्या प्रत्येक दहा मीटरला वाढीव दर. माप अखंड, खड्ड्यावरून, दोघांच्या सहीने. मुरूम आणि बर्डी एका दराने, कन्हार दुसऱ्या, फोडलेला दगड तिसऱ्या. माल टाकायची जागा वर असेल तर चढाचा दर वेगळा. आणि जमीन ओली असेल, चेन घसरत असेल, त्या दिवसांचं काम ब्रासवर नव्हे, यंत्राच्या मीटरवरच्या तासांवर.